अ‍ॅनोड म्हणजे प्लस, असं छापू नका

माननीय संपादक,

मागच्या आठवड्यात तुमच्या विज्ञानाच्या पानावर बॅटरीबद्दल जो लेख आला तो मी दोनदा वाचला, पहिल्यांदा आवडला म्हणून आणि दुसऱ्यांदा एका वाक्यावर अडकलो म्हणून. वाक्य साधारण असं होतं, की बॅटरीत दोन इलेक्ट्रोड असतात, प्लसकडचा तो अ‍ॅनोड म्हणजे धनाग्र, मायनसकडचा तो कॅथोड म्हणजे ऋणाग्र, आणि त्यांचं काम करंट आत-बाहेर नेण्याचं. हे वाचून कुणाला काही चुकल्यासारखं वाटणार नाही कारण आपण सगळ्यांनी शाळेत असंच पाठ केलंय. पण बॅटरी वापरात असताना हे बरोब्बर उलटं असतं, आणि इलेक्ट्रोड नुसता करंट नेतो हे तर अर्ध्याहून कमी खरं आहे. मी बरीच वर्षं वेल्डिंग शिकवतोय, दिवसभर हातात इलेक्ट्रोडच असतो, आणि या एका गैरसमजापायी मुलं कुठे कुठे अडखळतात ते डोळ्याने बघितलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा पण टंगस्टनचा भाग तेवढा ठेवा.

आधी गोंधळ होतो कुठे ते सांगतो. शाळेतला प्रयोग आठवा, काचेच्या भांड्यात कॉपर सल्फेटचं निळं पाणी, त्यात तांब्याच्या दोन पट्ट्या आणि बाहेरून जोडलेली बॅटरी. बॅटरीच्या प्लसला लावलेली पट्टी झिजत जाते आणि मायनसला लावलेल्या पट्टीवर तांबं चढत जातं. झिजणारी पट्टी अ‍ॅनोड, ती प्लसलाच आहे, त्यामुळे धनाग्र हा शब्द इथे अगदी फिट बसतो आणि डोक्यात पक्का होतो. आता बाहेरची बॅटरी काढून टाका, एका बाजूला झिंक सल्फेटमध्ये जस्ताची पट्टी ठेवा, दुसऱ्या बाजूला कॉपर सल्फेटमध्ये तांब्याची, मध्ये सच्छिद्र भिंत, आणि दोन्ही पट्ट्या वायरने एका छोट्या दिव्याला जोडा. हा डॅनिएल सेल, 1836 सालचा, 1.1 व्होल्ट देतो. इथे झिजतं ते जस्त, जस्ताचा अणू आपले दोन इलेक्ट्रॉन पट्टीत सोडून स्वतः आयन म्हणजे विद्युतभारित अणू होऊन पाण्यात उतरतो, ते इलेक्ट्रॉन वायरमधून फिरून तांब्याकडे जातात आणि तिथे पाण्यातले तांब्याचे आयन ते घेऊन धातू होऊन पट्टीवर बसतात. म्हणजे ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन सोडणं) जस्ताचं होतंय, आणि ते जिथे होतं तोच अ‍ॅनोड, म्हणून अ‍ॅनोड जस्त आहे. आणि या सेलचा मायनस कुठला? तोही जस्तच. आता मराठीत सांगायचं तर धनाग्र ऋण बाजूला येऊन बसलं, आणि विद्यार्थ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. त्याचं काही चुकत नाहीये, शब्द चुकतोय.

इंग्रजी शब्दात तरी ही अडचण नाही. 1834 च्या सुमाराला मायकेल फॅरडेला जुना 'पोल' हा शब्द नकोसा झाला होता, कारण पोल म्हटलं की ते टोक काहीतरी ओढून घेतंय असं वाटतं आणि त्याच्या मते तसं काही होत नव्हतं, ती फक्त करंटची आत यायची आणि बाहेर जायची दारं होती. त्याने विल्यम व्हेवेल या विद्वानाशी पत्रव्यवहार करून ग्रीकवरून इलेक्ट्रोड, अ‍ॅनोड, कॅथोड, आयन हे शब्द ठरवले. इलेक्ट्रोडमधल्या 'ओड'चा अर्थ वाट, अ‍ॅनोड म्हणजे वर जाणारी वाट, कॅथोड म्हणजे खाली जाणारी, सूर्य उगवतो ती बाजू आणि मावळतो ती बाजू अशी त्याची कल्पना होती. त्या शब्दांत कुठेही प्लस नाही, मायनस नाही, आणि ते मुद्दामच, कारण वीज म्हणजे नक्की काय वाहतं हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, इलेक्ट्रॉन सापडायला 1897 उजाडलं. फॅरडेने जी चिन्हं मुद्दाम बाहेर ठेवली ती आपण भाषांतर करताना शब्दाच्या पोटातच घालून ठेवली, याचं मला खरंच वाईट वाटतं. धनाग्र, ऋणाग्र हे शब्द करणाऱ्यांना मी दोष देत नाही, त्यांच्यासमोर बहुतेक ते निळं पाणी आणि बाहेरची बॅटरीच असणार.

मी वर्गात एकच नियम सांगतो आणि तो आजवर कुठे फसला नाही. ज्या टोकातून इलेक्ट्रॉन आतून बाहेरच्या वायरीत पडतात तो अ‍ॅनोड, आणि ज्या टोकातून वायरीतले इलेक्ट्रॉन आत शिरतात तो कॅथोड. आत म्हणजे पाणी असो, अ‍ॅसिड असो नाहीतर वेल्डिंगचा आर्क म्हणजे सतत पेटती ठिणगी असो. प्लस-मायनस नंतर बघायचं. सेल वापरताना अ‍ॅनोड मायनसला सापडेल, प्लेटिंग म्हणजे धातूचा मुलामा चढवताना प्लसला सापडेल, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीत तर तेच टोक वापरताना अ‍ॅनोड आणि चार्जिंगला लावलं की कॅथोड, कारण इलेक्ट्रॉन उलटे फिरले. (मोबाइलच्या बॅटरीबद्दल बोलताना लोक ग्राफाइटच्या बाजूला कायमच अ‍ॅनोड म्हणतात, चार्जिंग चालू असलं तरी. ती बोलायची सवय आहे, वापरातली स्थिती धरून ठेवलेलं नाव, तेवढं लक्षात ठेवलं की झालं.)

आता टंगस्टन. टिग वेल्डिंगमध्ये टॉर्चमध्ये, म्हणजे हातात धरायच्या दांडीत, टंगस्टनची बारीक कांडी असते, टोक पेन्सिलसारखं घासलेलं, भोवती आर्गॉन गॅस. ही कांडी वितळायची नसते, ती फक्त आर्क धरून ठेवते, जोडाला धातू वेगळ्या फिलर रॉडने देतात. टंगस्टन 3422 अंश सेल्सिअसला वितळतं, सगळ्या धातूंत जास्त, म्हणून त्याची निवड. एकदा माझ्या एका विद्यार्थ्याने स्टीलच्या जॉबवर म्हणजे जोडायच्या तुकड्यावर आर्क पेटवला आणि दोन-तीन सेकंदांत ते टोकदार टोक फुगून मणी झालं, थेंब जॉबमध्ये पडला, जोड वाया गेला. मुलगा घाबरला, त्याला वाटलं कांडी खराब, किंवा करंट जास्त लावला. करंट बरोबर होता हो. त्याने टॉर्चची केबल प्लसला आणि अर्थ क्लॅम्पची म्हणजे जॉबला लावायच्या चिमट्याची मायनसला लावली होती, आणि का लावली विचारलं तर म्हणाला, सर इलेक्ट्रोड म्हणजे मेन आहे ना मग प्लसला नको का.

आर्कमध्ये काय होतं बघा. टॉर्च मायनसला असली की टंगस्टन कॅथोड होतं, इलेक्ट्रॉन त्याच्या गरम टोकातून उडी मारून बाहेर पडतात, आर्कमधून धावत जॉबवर आदळतात आणि जॉब तापतो. ढोबळमानाने उष्णतेचे दोन तृतीयांश किंवा जरा जास्तच भाग अ‍ॅनोडच्या म्हणजे जॉबच्या वाट्याला येतो आणि बाकीचा टंगस्टनच्या. केबल उलटी लावली की हाच सगळा मार त्या बारीक टोकावर, मग 3422 अंशसुद्धा पुरत नाही. तो मुलगा अ‍ॅनोड-कॅथोडच्या व्याख्या घडाघडा म्हणून दाखवायचा, पण त्या दोन शब्दांमागे इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी शिकवायची पद्धतच बदलली, आधी आर्कचं चित्र काढायचं, इलेक्ट्रॉनचा बाण काढायचा, मग मशीनला हात.

अ‍ॅल्युमिनियमला मात्र असं सरळ चालत नाही, त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो जो 2000 अंशांच्याही वर वितळतो आणि आतलं अ‍ॅल्युमिनियम तर 660 लाच पाणी होतं. म्हणून तिथे एसी लावतात, करंट सेकंदाला कित्येक वेळा उलटा-सुलटा होतो, ज्या क्षणी जॉब कॅथोड असतो त्या क्षणी ऑक्साइड फाटून निघतो आणि ज्या क्षणी टंगस्टन कॅथोड असतं त्या क्षणी त्याला जरा श्वास मिळतो. अ‍ॅनोड-कॅथोडची अदलाबदल हेच इथे कामाचं हत्यार आहे!

टंगस्टनबद्दल आणखी एक गोष्ट, छापलीत तर कुणाच्या तरी फुप्फुसांचं भलं होईल. लाल पट्टीच्या कांडीत साधारण दोन टक्के थोरियम ऑक्साइड असतं, त्याने इलेक्ट्रॉन सहज सुटतात आणि आर्क पटकन पेटतो, पण थोरियम किरणोत्सारी आहे. कांडी हातात धरल्याने काही होत नाही, पण टोक ग्राइंडरवर घासताना उडणारी धूळ नाकात जायला नको. लँथनम घातलेल्या कांड्या मिळतात, तेच काम तितकंच चांगलं करतात, मी वर्गात त्याच वापरतो.

साध्या आर्क वेल्डिंगचा रॉड हा याच्या अगदी उलट स्वभावाचा. तो राहण्यासाठी नाहीच, तो जळून जोडात जाण्यासाठीच आहे. सुरुवातीला, 1880 च्या दशकात, बेनार्डोस वगैरे मंडळींनी कार्बनच्या कांडीने आर्क काढला, मग 1888 मध्ये स्लाव्यानोव्हने कांडीच धातूची केली म्हणजे इलेक्ट्रोड आणि भरायचा धातू एकच, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या ऑस्कर शेलबेर्गने रॉडवर लेप चढवला. आज लोकांना तो लेप म्हणजे पॅकिंग वाटतो की काय कोण जाणे, टवके उडालेले रॉड बिनधास्त वापरतात. अहो अर्धी अक्कल त्या लेपातच आहे. तो जळून गॅस करतो आणि हवेला वितळलेल्या धातूपासून लांब ठेवतो, त्याचा स्लॅग म्हणजे मळीचा थर होऊन जोडावर पांघरूण पडतं, आर्क स्थिर राहतो. 6013 रॉडवरचा आकडा वाचायचा असतो, 60 म्हणजे जोडाच्या धातूची ताकद चौरस इंचाला 60,000 पौंड, 1 म्हणजे सगळ्या पोझिशनमध्ये चालतो, आणि शेवटचे दोन आकडे मिळून लेपाचा प्रकार सांगतात. 7018 हा कमी हायड्रोजनवाला, जाड आणि महत्त्वाच्या जोडांना. त्याच्या लेपाने ओल धरली तर आर्कच्या उष्णतेत त्या पाण्याचा हायड्रोजन होतो, तो गरम स्टीलमध्ये विरघळतो आणि जोड थंड झाल्यावर, कधी काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी, आतून तडा जातो. बाहेरून बीड म्हणजे जोडाची रेघ एकदम सुंदर दिसत असतो. म्हणून पाकीट फोडलं की हे रॉड गरम ओव्हनमध्ये ठेवायचे, ही कटकट नाही, त्या जोडाखाली उभं राहणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे.

तर झिजणारा आणि टिकणारा, हा फरक मला प्लस-मायनसपेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो आणि तो तुमच्या लेखात आलाच नाही. बॅटरीत बघा ना. साध्या ड्राय सेलचा बाहेरचा डबा हा जस्ताचा, आणि तोच इलेक्ट्रोड, म्हणजे सेल वापरला की डबाच आतून खाल्ला जातो. संपलेला सेल रिमोटमध्ये विसरला की फुटून ओल येते आणि स्प्रिंग गंजते त्याचं कारण हेच, सेल आपल्या भिंतीच जाळून आपल्याला वीज देत होता. अल्कलाइन सेलमध्ये जस्ताची पूड मध्यभागी नेली, डबा स्टीलचा केला, म्हणून तो बराच टिकतो.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी मला अजूनही फार आवडते. 1859 ची, गास्ताँ प्लांटेची. एक प्लेट राखाडी स्पंजी शिशाची, दुसरी तपकिरी लेड डायऑक्साइडची, मध्ये सल्फ्युरिक अ‍ॅसिड, एका सेलचे दोन व्होल्ट, सहा जोडले की बारा. वापरताना दोन्ही प्लेटचं लेड सल्फेट होत जातं आणि अ‍ॅसिड पातळ होत जातं, चार्ज केलं की सगळं परत जागच्या जागी. पण उतरलेली बॅटरी तशीच आठवडेच्या आठवडे ठेवली की त्या सल्फेटचे खडे कडक होतात, मग ते परतत नाहीत आणि लोक म्हणतात बॅटरीच खराब निघाली. आणि चार्जिंग जास्त झालं की पाणी फुटून हायड्रोजन सुटतो, हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीने भडकतो. चार्ज होत असलेल्या बॅटरीशेजारी वेल्डिंग करणारे महाभाग मी बघितलेत, कृपा करून करू नका.

लिथियम-आयनमध्ये तर इलेक्ट्रोडचा धातू बहुतेक नुसता पाट म्हणून असतो, खरं काम त्याच्यावर लेपलेल्या ग्राफाइटमध्ये आणि धातूच्या ऑक्साइडमध्ये किंवा फॉस्फेटमध्ये चालतं, लिथियमचे आयन एकीकडून निघून दुसरीकडच्या थरांत शिरतात. पण पाट कुठल्या धातूचा तेही मनाला येईल तसं नाही. ग्राफाइटच्या बाजूला तांब्याचा पातळ पत्रा, दुसऱ्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा. उलट करून चालत नाही, कारण ग्राफाइटकडे अ‍ॅल्युमिनियम ठेवलं तर लिथियम त्याच्याशी मिसळून मिश्रधातू होतो आणि पत्र्याचा भुगा होतो, आणि प्लसकडे तांबं ठेवलं तर ते विरघळायला लागतं. बॅटरी अगदी तळापर्यंत उतरवली तर आपल्या जागेवरचं तांबंही विरघळतं आणि पुन्हा चार्ज करताना भलतीकडे जाऊन जमतं, आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. गोठणाऱ्या थंडीत जोरात चार्ज केलं तर लिथियम ग्राफाइटच्या आत न शिरता वरच धातू होऊन बसतं, तेही तितकंच वाईट. गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते मुळात कुठल्या इलेक्ट्रोडमध्ये लिथियम सुखरूप राहील हे शोधल्याबद्दल. तुमच्या लेखात नोबेलचा उल्लेख होता, हे कारण नव्हतं.

तांब्याच्या शुद्धीकरणाबद्दल थोडं लिहितो कारण ते इतकं देखणं आहे. अशुद्ध तांब्याची जाड प्लेट अ‍ॅनोड, पातळ पत्रा कॅथोड, व्होल्टेज अगदी कमी, एका टाकीला एका व्होल्टपेक्षाही कमी. अ‍ॅनोडमधलं तांबं विरघळतं आणि कॅथोडवर 99.99 टक्के शुद्ध होऊन बसतं. लोखंड, निकेल, जस्त ही मंडळी तांब्यापेक्षा सहज विरघळतात पण सहज परत धातू होत नाहीत, ती द्रावणातच राहतात. आणि सोनं-चांदी विरघळतच नाहीत, ती अ‍ॅनोडखाली गाळ होऊन पडतात, तो गाळ जपून ठेवतात. एवढ्याशा व्होल्टेजने धातू एकेक करून वेगळे ओळखले! अ‍ॅल्युमिनियम काढायची 1886 ची हॉल आणि हेरू यांची पद्धत याच्यापुढे अगदी राकट, 950 अंशांच्या आसपास वितळलेलं क्रायोलाइट नावाचं खनिज आणि त्यात कार्बनचे अ‍ॅनोड जे ऑक्सिजनशी जळून कार्बन डायऑक्साइड होतात, एक किलो अ‍ॅल्युमिनियममागे साधारण चारशे ग्रॅम कार्बन गेला.

आणि गीझर. बऱ्याच गीझरच्या टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, तिला अ‍ॅनोड रॉडच म्हणतात, बाहेरून कुठलीही वीज जोडलेली नाही. मॅग्नेशियम स्टीलच्या आधी इलेक्ट्रॉन सोडतं, स्वतः झिजतं आणि टाकी गंजत नाही, आणि या जोडीत मॅग्नेशियमच मायनस आहे. ही कल्पना हम्फ्री डेव्हीची, 1824 ची, जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे असायचे ते समुद्रात खराब होत म्हणून त्याने त्यांना लोखंडाचे, जस्ताचे तुकडे जोडले. तांबं वाचलं, पण तांबं विरघळणं थांबल्यामुळे शंख-शिंपले तळाला भराभर चिकटले आणि जहाजांचा वेग गेला! आज स्टीलच्या जहाजांना जस्ताचे तुकडे लावतात ते याच तत्त्वाने. गीझरमधली कांडी संपली की पुढचा अ‍ॅनोड टाकी स्वतः होते. कांडी काही वर्षांनी बदलायची असते हे किती घरांत माहीत असेल?

एक शेवटचं, कारण माझ्या वर्कशॉपमध्ये या दोन्ही दुनिया एका टेबलावर भेटतात. बॅटरी पॅक जोडताना सेलच्या टोकांवर निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने लावतात. तांब्याच्या मिश्रधातूचे दोन इलेक्ट्रोड पट्टीवर दाबायचे, क्षणभर प्रचंड करंट, पट्टी आणि सेल जिथे टेकतात तिथे रोध जास्त म्हणून तिथेच वितळतं, आणि तांब्यात रोध कमी म्हणून तो गार राहतो. इथल्या इलेक्ट्रोडने झिजायचंही नाही, चिकटायचंही नाही, करंट आणि दाब देऊन बाजूला व्हायचं. आणि त्याच्या खाली, पट्टीपलीकडे मिलिमीटरभर अंतरावर सेलच्या आत दुसरे इलेक्ट्रोड, ज्यांचं आयुष्यच देवाणघेवाणीत जाणार. दोघांना आपण एकाच नावाने हाक मारतो.

म्हणून माझी विनंती दोन गोष्टींची आहे. एक, त्या लेखाची दुरुस्ती छापा, छोट्या चौकटीत कुठेतरी कोपऱ्यात नको, त्याच पानावर, चित्रासकट, चित्रात डॅनिएल सेल असू दे आणि जस्तापासून तांब्याकडे वायरीतून जाणारा इलेक्ट्रॉनचा बाण. दोन, धनाग्र-ऋणाग्र हे शब्द निदान बॅटरीच्या लेखांत वापरू नका, सरळ अ‍ॅनोड-कॅथोड लिहा, वाचकांना कळतं. चित्र काढायला कुणी नसेल तर मी पेन्सिलने काढून पाठवतो, वर्गात फळ्यावर रोज काढतोच.

आपला,
एक नियमित वाचक आणि वेल्डिंग शिक्षक